व्याह्यांच्या गोळ्या

रंगारीबुवांनी उभ्या आयुष्यात एक नियम कधी मोडला नव्हता. भिंत कितीही लहान असो, लागणारे रंगाचे सगळे डबे आधी एका मोठ्या पिंपात ओतायचे, काठीने ढवळ ढवळ ढवळायचे आणि मगच ब्रश बुडवायचा. कारण कंपनी कितीही छातीठोकपणे सांगो, एकाच नावाच्या दोन डब्यांतला रंग कधीही हुबेहूब सारखा नसतो. अर्धी भिंत एका डब्यातून आणि अर्धी दुसऱ्यातून रंगवली, की दुपारच्या उन्हात मधोमध रेघ दिसते आणि घरमालक रंगाऱ्याच्या नावाने शंख करतो. या नियमावर त्यांनी लोकांची घरं रंगवली, एकुलत्या मुलीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. आणि सत्तरी ओलांडल्यावर याच नियमाने स्वतःला, आपल्या व्याह्यांना आणि एका मोठ्या इस्पितळातल्या संशोधनाला गोत्यात आणलं.

व्याही म्हणजे मुलीचे सासरे, तिचे 'अण्णा'. ते सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांचा आवाज कुजबुजीच्या वर चढत नसे. रंगारीबुवांचा आवाज मात्र शिडीच्या टोकावरून खाली ओरडण्यात घडलेला. एकाने बोललेलं ऐकू येत नसे आणि दुसऱ्याने बोललेलं शेजारच्या बिल्डिंगीत ऐकू जाई. लग्नानंतर कितीतरी वर्षं हे दोघं एकमेकांसमोर कडक इस्त्री केल्यासारखे बसत. 'आधी आपण घ्या', 'छे छे, आधी आपण' असं करता करता चहा गार होई आणि मुलगी स्वयंपाकघरातून कपाळावर हात मारून घेई.

मग दोघांना एकच आजार झाला. आधी रंगारीबुवांना, आणि वर्ष उलटायच्या आत ग्रंथपालांना. प्रोस्टेटचा कॅन्सर, तोही हाडांपर्यंत पोचलेला. दोघांच्या बायका आधीच गेलेल्या, दोघंही आता मुलीच्याच घरी, जावई बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. त्यामुळे दोन्ही म्हाताऱ्यांना घेऊन इस्पितळात जायचं काम एकट्या मुलीच्या गळ्यात पडलं. एकाच रिक्षात डावीकडे बाप, उजवीकडे सासरा आणि मधे ती, मांडीवर दोघांच्या फायली.

आजाराने एक काम मात्र चोख केलं. लघवीची धार हा विषय दोन व्याह्यांमध्ये एकदा निघाला, की मानपान कुठच्या कुठे गळून पडतो. त्यातून त्या आजाराचं नेहमीचं इंजेक्शन असं, की ऐन थंडीत अंगातून वाफा निघाव्यात. वेटिंग रूममध्ये दोघं एकाच वेळी स्वेटर काढत आणि एकाच वेळी पुन्हा घालत. "काय हो व्याही, बायकांना हे असं वर्षानुवर्षं होतं म्हणतात," रंगारीबुवा एकदा त्यांच्या आवाजात म्हणाले आणि अख्खी वेटिंग रूम वळून बघायला लागली. ग्रंथपालांनी ओठांवर बोट ठेवलं, पण हसू त्यांनाही आवरेना. त्यानंतर दोघं रोज संध्याकाळी एकत्र फिरायला जाऊ लागले.

नव्या गोळीच्या अभ्यासात भाग घ्याल का, असं डॉक्टरीणबाईंनी दोघांना एकत्रच विचारलं. त्या वयाने मुलीएवढ्याच होत्या, पण समजावून सांगायची त्यांची हातोटी अशी, की रंगारीबुवासुद्धा मधे बोलायचे थांबले. दोघांचं नेहमीचं इंजेक्शन चालूच राहणार होतं. शिवाय रोज चार गोळ्या. निम्म्या लोकांना खऱ्या, निम्म्यांना दिसायला अगदी तशाच, पण आत औषध नसलेल्या.

"कुणाच्या बाटलीत काय, ते मला माहीत नाही, सिस्टरला माहीत नाही आणि तुम्हालाही कळणार नाही. ते फक्त कॉम्प्युटरला माहीत. अगदी जिवावरचा प्रसंग आला तरच उघडून बघतात."

"म्हणजे निम्म्या लोकांना तुम्ही फसवणार," रंगारीबुवा म्हणाले.

"फसवलं असतं तर तुम्हाला आधी सांगितलं असतं का? बाबा, आजवर चांगली वाटलेली कितीतरी औषधं अशी पारखल्यावर बिनकामाची निघालीत. काही तर घातक. आपल्याला नुसतं वाटतंय की खरंच गुण येतोय, हे कळायला दुसरा मार्गच नाही." मग त्यांनी धोके सांगितले. रक्तदाब वाढू शकतो, पायावर सूज येऊ शकते, आणि काही जणांच्या यकृताला ही गोळी सोसत नाही. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं. "आणि काहीही वेगळं वाटलं, तरी मला सांगायचं. काहीही."

दोघांनी माना डोलावल्या. दोघांना एकेक बाटली मिळाली. दिसायला सख्ख्या भावंडांसारख्या, फक्त चिठ्ठीवरचे नंबर वेगळे.

घरी आल्यावर मुलीने त्या बाटल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ बघत उभी राहिली. एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे. रंगारीबुवांनी ते बघितलं. ती भाजी आणायला खाली उतरली तसे ते व्याह्यांना म्हणाले, "व्याही, एक मोठा डबा आणा."

"कशाला?"

"ढवळायला."

ग्रंथपालांना बेत कळायला वेळ लागला नाही, आणि कळल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी वाचनालयातल्या पुस्तकाचं पान फाडलंय. "अहो, हे नियमात बसत नाही."

"नियम गेला खड्ड्यात! तुमची खरी आणि माझी खोटी निघाली तर? किंवा उलट? एक बरा होतोय आणि एक खंगतोय, हे त्या पोरीने एकाच छपराखाली बघायचं? निम्मं-निम्मं करू. जे काय होईल ते दोघांचं सारखं होईल."

"दोघांच्याही खऱ्या असतील कदाचित. किंवा दोघांच्याही खोट्या."

"मग तर ढवळल्याने काहीच बिघडत नाही."

या युक्तिवादात कुठेतरी भोक आहे हे ग्रंथपालांना जाणवत होतं, पण ते सापडेना. शेवटी त्यांनी चष्मा पुसला, परत घातला आणि म्हणाले, "सूनबाईसाठी."

"पोरीसाठीच," रंगारीबुवा म्हणाले.

बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात दोन्ही बाटल्या उपड्या झाल्या. रंगारीबुवांनी डबा असा काही मन लावून हलवला, की जन्मभराची सवय हातात उतरली. मग ग्रंथपालांनी गोळ्या मोजून पुन्हा दोन बाटल्यांत भरल्या, चिठ्ठ्या पुढे करून जागच्या जागी ठेवल्या. दर महिन्याला नव्या बाटल्या आल्या की हा विधी मुलगी घराबाहेर असताना पार पडे. उरलेल्या गोळ्या अभ्यासाची सिस्टर मोजून घेई, हिशेब चोख लागे आणि ती म्हणे, "तुमच्यासारखे शिस्तीचे पेशंट सगळीकडे मिळाले तर काय हवं!" ग्रंथपाल तेव्हा छताकडे बघत.

आणि गुण यायला लागला. दोघांच्या रक्तातला कॅन्सरचा आकडा उतरू लागला. रंगारीबुवांची पाठ, जी रात्री कुशीवर वळू देत नसे, ती जणू कुणाची तरी दुसऱ्याची झाली. एकदा तर मुलगी नाही असं बघून ते शिडीवर चढले आणि व्याह्यांच्या खोलीतलं छत रंगवून मोकळे झाले. ग्रंथपाल खाली शिडी धरून उभे होते, डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी घालून. मुलीने परत आल्यावर दोघांनाही फैलावर घेतलं आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. तिला वाटलं कुणाला कळलं नाही. दोघांनाही कळलं. तिचं हे रडणं आनंदाचं होतं, म्हणून ते गप्प राहिले.

पुढे एका संध्याकाळी फिरायला गेले असताना रंगारीबुवा चालता चालता थबकले. "व्याही, जरा उन्हाकडे तोंड करा." ग्रंथपालांच्या डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा राहिला नव्हता. पांढऱ्यात पिवळ्याचा एखादा थेंब पडला तरी ओळखणारी ती नजर. गेले काही दिवस अन्नावरची वासना गेली होती, मळमळत होतं, हे ग्रंथपालांनी तेव्हा कुठे कबूल केलं. रक्ततपासणीची तारीख आठवड्याभरावर आली होती, तेव्हा बोलू, असं त्यांनी ठरवलं होतं. वाचनालयातला माणूस, तारखेच्या आधी काही परत करायचं नाही ही सवय.

दुसऱ्याच दिवशी त्यांना इस्पितळात ठेवून घेतलं. यकृताने दगा दिला होता. त्यांची गोळी ताबडतोब बंद झाली, आणि मग डॉक्टरीणबाईंनी तो जिवावरच्या प्रसंगाचा दरवाजा उघडून त्यांच्या बाटलीत काय होतं ते बघितलं. मुलीने जिन्यापाशी बापाला गाठून सांगितलं तेव्हा ती गोंधळून गेली होती.

"बाबा, अण्णांच्या गोळ्या नुसत्याच होत्या. औषध नव्हतंच त्यांत."

"नुसत्याच?" रंगारीबुवांचा आवाज जिनाभर घुमला.

"म्हणजे गोळीमुळे हे झालेलं नाही, म्हणतात. मग आता दुसरं कारण शोधायचं. कॅन्सर यकृतात गेलाय का ते बघायला सुई घालून तुकडा काढणार आहेत. पण अण्णांची हृदयाची झडप बदललेली. रक्त पातळ ठेवायची गोळी त्यासाठी थांबवावी लागणार. ती थांबवली तर गुठळी होऊ शकते आणि नाही थांबवली तर सुईने रक्त वाहायला लागेल. डॉक्टर म्हणाल्या, धोका आहे, पण कारण कळल्याशिवाय उपचार कसा करायचा?"

ती जावयाला फोन लावायला गेली आणि रंगारीबुवा तडक वॉर्डात शिरले. ग्रंथपाल उशीला टेकून बसले होते, हळदीसारखे पिवळे.

"तुम्ही सांगितलं नाहीत?" रंगारीबुवांनी जमेल तेवढ्या हळू आवाजात विचारलं.

"नाही."

"अहो, तुमच्या पोटात सुई घालतायत! माझ्या बाटलीतल्या खऱ्या गोळ्यांनी हे झालंय, हे एक वाक्य बोला की सुटलात."

"आणि तुम्ही अडकलात," ग्रंथपाल कुजबुजले. "माझ्या खोट्या, म्हणजे तुमच्या खऱ्या. तुम्हाला त्या लागू पडल्यात, तुम्ही शिडीवर चढलात. मी तोंड उघडलं तर तुम्हाला अभ्यासातून काढतील आणि ती गोळी बाहेर कुठे मिळत नाही. मी विचारलंय सिस्टरला, आडून आडून. आता घरी जा, आणि पुढच्या बाटलीपासून सगळं तुम्हीच घ्या. पुरं."

"आणि सुई?"

"सुई टोचतात आणि काढतात. शब्द द्या मला. सूनबाईला निदान एक बाप राहायला हवा."

रंगारीबुवांनी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पण ग्रंथपालांनी तो शब्द समजून डोळे मिटले.

खाली उतरताना रंगारीबुवा जिन्याच्या वळणावर कठड्याला धरून थांबले. इथे त्यांना फार थोर करायचं कारण नाही. त्यांना जगायचं होतं. पुढच्या महिन्याची बाटली थोड्याच दिवसांत न ढवळता हातात पडणार होती, आणि आता त्यांना पक्कं ठाऊक होतं की निम्म्यानेच एवढा गुण आला. पूर्ण घेतली तर कोण जाणे, किती वर्षं मिळतील. सुई कदाचित सुखरूप पार पडेलही. डॉक्टर लोक काय, सावधच असतात. व्याह्यांनी स्वतःहून सांगितलंय गप्प बसा म्हणून. हे सगळं त्यांनी मनात उलटंसुलटं करून बघितलं. माणसं वर-खाली जात होती, कुणीतरी 'आजोबा, बरं वाटत नाही का' म्हणून विचारूनही गेलं. मग ते वळले आणि पुन्हा जिना चढू लागले.

डॉक्टरीणबाई कुणाशी तरी बोलत होत्या. रंगारीबुवा दारातूनच बोलले, आणि आवाज आवरायचं भान न राहिल्याने तो बाहेरपर्यंत गेला. "सुई घालू नका. ते माझ्या गोळ्या खात होते. आम्ही ढवळत होतो."

आधी डॉक्टरीणबाईंना काही उमगेना. उमगलं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी फोन उचलून सुई रद्द केली आणि रक्ताची आणखी एक तपासणी लावली. मग खुर्चीत बसल्या आणि हातांनी तोंड झाकून घेतलं.

"किती दिवस?"

"पहिल्या बाटलीपासून."

"बाबा, तुम्ही काय केलंत ते कळतंय का तुम्हाला?" त्या चिडल्या होत्या, आणि चिडायचा त्यांना पुरता हक्क होता. "अण्णांच्या जिवावर बेतलं असतं. आणि ही गोष्ट तुम्हा दोघांपुरती नाही. औषध न घेणाऱ्या माणसाला गुण आलेला दिसला, की मी काय म्हणणार? औषध घेतलं काय अन् नाही काय, सारखंच. असे आणखी थोडे लोक निघाले, तर चांगलं औषध टाकाऊ ठरेल. पुढे ज्यांना मिळायला हवं त्यांना ते मिळणार नाही. मला दोघांमधला फरक बघायचा होता!"

रंगारीबुवा एकदम त्यांच्याकडे बघत राहिले. इतके महिने जे डोक्यात शिरलं नव्हतं ते आत्ता लख्ख शिरलं. "म्हणजे तुम्हाला मधली रेघच बघायची होती," ते म्हणाले. "आणि मी जन्मभर तीच पुसत आलो."

डॉक्टरीणबाईंना भिंतीची भानगड ठाऊक नव्हती, पण त्यांनी मान डोलावली. थोड्या वेळाने त्यांचा आवाज उतरला. अण्णांचं यकृत बहुतेक सावरेल, गोळी वेळेवर थांबली आहे, असं त्या म्हणाल्या. रंगारीबुवांनाही आजपासून ती गोळी मिळणार नव्हती. त्यात त्यांच्या हातात काही नव्हतं. दुसरे उपचार होते, सलाइनमधून द्यायचे, पण इतके सोपे नव्हते. "आकडा पुन्हा चढेल. कधी, ते सांगता येत नाही." मग त्यांनी विचारलं, "सांगायला आलात तेव्हा हे माहीत होतं तुम्हाला?"

"होतं," रंगारीबुवा म्हणाले.

वॉर्डात त्यांनी पाऊल टाकलं आणि ग्रंथपालांनी नुसता चेहरा बघून ओळखलं.

"सांगितलंत."

"सांगितलं."

"शब्द दिला होतात!"

आणि मग आक्रीत घडलं. ग्रंथपाल ओरडले. आयुष्यभराचा साठवलेला आवाज एका दमात बाहेर पडला. "मूर्ख आहात तुम्ही! अक्कल गहाण टाकलीत? चार दिवस मी इथे मूग गिळून बसलो ते कशासाठी? चालती गोळी हातची घालवलीत!" वॉर्डातली सगळी माणसं उठून बसली. सिस्टर धावत आली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, हळू! इथे पेशंट आहेत." ग्रंथपालांना कुणीतरी गप्प राहायला सांगण्याची ही पहिलीच वेळ असावी. ते इतके चकित झाले की खरंच गप्प बसले.

तेवढ्यात मुलगी आली. डॉक्टरीणबाईंकडून सगळं ऐकून आली होती. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून तिने आळीपाळीने दोघांकडे बघितलं.

"पोरीसाठी म्हणे. सूनबाईसाठी म्हणे. मला विचारलंत कुणी? माझ्या टेबलावर, माझ्या बिस्किटांच्या डब्यात!" ती रडत होती आणि रडता रडता बापाच्या शर्टाची कॉलर नीट करत होती, सासऱ्याचं पांघरूण ओढून देत होती. "आता काही बोलू नका दोघं. तोंड धुऊन येते मी. आल्यावर बोलते."

ती गेली. दोघं शाळेत बाकावर उभं केलेल्या पोरांसारखे बसून राहिले. रंगारीबुवांनी स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"तिला खरं सांगून टाकायला हवं," ते म्हणाले.

"आता आणखी काय राहिलंय?"

"मी तिच्यासाठी नाही सांगितलं." रंगारीबुवांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "जिन्यात उभा राहिलो तेव्हा तिचाच चेहरा डोळ्यांसमोर आणला. तुमचंच म्हणणं पटलं. तिला एक तरी बाप धडधाकट मिळेल. पोरीचाच विचार केला असता ना, तर मी गप्प बसून घरी गेलो असतो. पण मग वाटलं, गोळ्या खाऊन वर्षं मिळवायची खरी, पण संध्याकाळी फिरायला जायचं कुणाबरोबर?"

सलाइनची सुई लावलेला हात ग्रंथपालांनी जपून उचलला, रंगाचे डाग कधीच न गेलेल्या व्याह्यांच्या हातावर ठेवला आणि अगदी कान देऊन ऐकावं लागेल अशा आवाजात म्हणाले, "मी तरी कुठे सूनबाईसाठी गप्प बसलो होतो?"